पिवळ्या पडलेल्या लिंबाला खत घालण्यापूर्वी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिना सरत आला की गोव्यातल्या बागायतदाराची दोन कामे ठरलेली असतात. पोफळींवर कोळेरोगासाठी (फळकुजीसाठी) बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी उरकायची आणि पहिल्या पावसात लावायला रोपे आणून ठेवायची. या धांदलीत कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) नाहीतर परसातल्या लिंबू, मोसंबी, तोरंज, म्हाळुंग यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. झाड पिवळे पडले की बुंध्याशी पाटीभर शेणखत, वर मूठभर युरिया. तरीही सुधारले नाही की "आमची जमीन लिंबाला मानवत नाही" असा निकाल. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो, आणि त्या चुकीची किंमत शेजारची निरोगी झाडे मोजतात. म्हणून हे पत्र, तेही पाऊस सुरू होण्याआधी.

लिंबूवर्गीय झाडांचे दोन मोठे जिवाणूजन्य रोग किडींशी जोडलेले आहेत. मात्र त्या दोघांचे किडीशी नाते सारखे नाही, आणि हा फरक लक्षात न घेतल्याने औषध एकाचे आणि रोग दुसरा, असा प्रकार सर्रास होतो.

पहिला खैऱ्या. पानांवर, काट्यांवर, कोवळ्या फांद्यांवर आणि फळांवर उठणारे खरबरीत, खपलीसारखे तपकिरी डाग. पानावरच्या डागाभोवती पिवळे वलय असते आणि डाग पानाच्या दोन्ही बाजूंनी हाताला लागतो. याचा जिवाणू, झँथोमोनास, पावसाच्या थेंबांनी आणि वाऱ्याने उडतो. त्याला कीड वाहून नेत नाही, कीड त्याला फक्त दार उघडून देते. कोवळ्या पानात चंदेरी, नागमोडी रेघा पाडणारी नागअळी पानाचा वरचा पापुद्रा सोडवते आणि जिवाणूला आयती जखम मिळते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पान सुकायलाच सवड मिळत नाही आणि कागदी लिंबू या रोगाला सर्वांत जास्त बळी पडते. त्यामुळे इथल्या लिंबाच्या झाडावर खैऱ्या दिसला तर नवल नाही.

दुसरा ग्रीनिंग. इथे गणित पूर्ण वेगळे. कॅन्डिडॅटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस नावाचा हा जिवाणू पावसाने पसरत नाही, मातीत टिकत नाही, पानावर बाहेरून दिसतही नाही. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि एका झाडातून दुसऱ्यात जायला त्याला दोनच वाटा आहेत: सायला नावाची रस शोषणारी कीड, किंवा रोगट झाडावरून काढलेला डोळा (कलमाची कळी), कलम वा गुटी (फांदीला झाडावरच मुळे फोडून केलेले रोप). अन्नवाहिन्या तुंबल्या की पानात तयार झालेली साखर मुळांपर्यंत उतरत नाही. पानात पिष्ट साठून ते जाड, चामड्यासारखे होते आणि खाली मुळे उपाशी मरतात. वर खत घालून उपयोग होत नाही तो यामुळेच, कारण खत उचलणारी तंतुमुळे तोवर गेलेली असतात.

या रोगावर आजघडीला इलाज नाही. प्रतिजैविकाची इंजेक्शने खोडात देऊन झाड काही काळ तगवण्याचे प्रयोग परदेशात झाले आहेत, पण त्याने जिवाणू दबतो, संपत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सायला १९९८ मध्ये आणि ग्रीनिंग २००५ मध्ये सापडले. तिथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या, २०२२-२३ मध्ये १ कोटी ५८ लाख. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण कणा मोडला तो या रोगानेच. इतक्या दूर जायचेही कारण नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या कूर्ग संत्र्याच्या बागा ओसाड पडण्यात या रोगाचा मोठा हात आहे. सायला हा रोग पसरवते हे भारतीय शास्त्रज्ञ कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे माहिती जुनी आहे. ती कुळागरापर्यंत पोचलेली नाही.

आता ओळखायचे कसे? गोव्याची जांभ्याची जमीन आम्लधर्मी. जस्त, मॅग्नेशियम, बोरॉन यांची कमतरता इथे नेहमीची, त्यामुळे पिवळे पान दिसले म्हणून ग्रीनिंग असे मुळीच नाही. जस्त कमी असेल तर नवी पाने बारीक, अरुंद येतात आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. नत्र कमी असेल तर सारे पानच फिके. पाणी साचून मुळे कुजली असतील तर मधली शीर पिवळी पडते आणि बुंध्याशी डिंक दिसतो. पहिल्या तिन्ही कमतरतांत एक गोष्ट समान आहे: मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या बाजूचे चित्र सारखे असते.

ग्रीनिंगमध्ये ते सारखे नसते. एक पक्के, पूर्ण वाढलेले पान तोडा. बॉलपेनने मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर, रुपयाच्या नाण्याएवढे दोन गोल काढा. दोन्ही गोलांच्या आतला रंग जुळला तर कमतरतेचा विचार करा. एका गोलात हिरवे आणि दुसऱ्यात पिवळे धब्बे, सीमारेषा नसलेले, सांडल्यासारखे, असे दिसले तर संशय घ्या. आणखी चार-पाच पाने घेऊन हेच करा, एका पानावरून ठरवू नका. बाकी झाड हिरवे असताना एकच फांदी पिवळी पडणे ही दुसरी खूण. तिसरी फळात: मोसंबी किंवा संत्रे उभे कापा. मधला दांडा वाकडा, फळ एका बाजूला कललेले, बिया बारीक, काळपट आणि पोचट, रस कडवट असेल तर संशय बळावतो. फळ देठाकडून रंगते आणि टोकाला हिरवे राहते, ग्रीनिंग हे नाव त्यावरूनच पडले. कागदी लिंबात फळावरची ही लक्षणे तितकी ठसठशीत नसतात, तिथे पानावरच भिस्त ठेवावी लागते.

मोसंबी आणि संत्रे लवकर खंगतात. लिंबू आणि तोरंज मात्र बराच काळ तग धरतात, फळेही देत राहतात. धोका तिथेच आहे. परसातले एक धडधाकट दिसणारे लिंबू आजूबाजूच्या सगळ्या वाड्याला वर्षानुवर्षे रोग पुरवू शकते.

सायला कशी दिसते हे प्रत्येक बागायतदाराने एकदा तरी दहापट भिंगातून पाहावे. पूर्ण वाढलेली कीड ३ ते ४ मिलिमीटर, करड्या-तपकिरी ठिपक्यांची. बसण्याची ढब न चुकणारी: डोके पानाला टेकवलेले आणि मागचा भाग ४५ अंशांत वर उचललेला, जणू पानात काटा रुतला आहे. अंडी बदामी आकाराची, पिवळी-नारिंगी, नुकत्याच उमलू पाहणाऱ्या पानांच्या घडीत खोचलेली. पिल्ले चपटी, पिवळसर, डोळे लालसर, आणि मागून पांढऱ्या मेणाच्या बारीक कुरळ्या दोऱ्या सोडणारी. या दोऱ्या साध्या डोळ्यांनीही दिसतात. मावा असा मेणाचा दोरा सोडत नाही, तेव्हा गोंधळ व्हायचे कारण नाही. खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली असेल तर शेंडा वाकवून बघाच, कारण सायलाच्या चिकट स्रावासाठी मुंग्या येतात आणि तिच्या शत्रूंना हुसकावतात.

एक मादी आयुष्यात ८०० पर्यंत अंडी घालू शकते. पण घालते फक्त कोवळ्या पालवीवर. पालवी नसेल तर वीण नाही. अंडे दोन ते चार दिवसांत फुटते, पिल्लू पाच वेळा कात टाकत दोनेक आठवड्यांत मोठे होते. रोगट पालवीवर वाढलेले पिल्लू जिवाणू घेऊनच मोठे होते आणि मरेपर्यंत तो पसरवत राहते. त्याहून वाईट असे की, जिवाणू असलेली मादी निरोगी झाडाच्या पालवीवर अंडी घालते तेव्हा ती पालवी १० ते १५ दिवसांत संसर्गजन्य होते आणि तिचीच पिल्ले तिथून जिवाणू उचलतात. झाडावर मात्र लक्षणे दिसायला काही महिने, कधी दोन-तीन वर्षे लागतात. म्हणजे झाड पिवळे दिसते तोवर त्याने आपला रोग वाटून टाकलेला असतो. पिवळे पान दिसल्यावर जागे होणे उशिराचे आहे, ते यामुळे.

म्हणून लक्ष पालवीवर ठेवायचे. आपल्याकडे ती ढोबळमानाने तीनदा फुटते: पहिल्या पावसानंतर, पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि जानेवारी-फेब्रुवारीत. जून-जुलैच्या मुसळधार सरी अंडी-पिल्ले धुऊन नेतात आणि फवारलेले औषधही धुऊन नेतात, त्यामुळे भर पावसात पंप घेऊन उभे राहण्यात अर्थ नाही. खरा जोर चतुर्थीनंतरच्या आणि थंडी सरतानाच्या पालवीवर लावावा. त्या काळात आठवड्यातून एकदा बागेच्या कडेच्या झाडांपासून पाहणीला सुरुवात करावी, कारण बाहेरून आलेली सायला आधी कडेलाच बसते. पांढरा कागद लावलेला पुठ्ठा फांदीखाली धरायचा, पाईपच्या तुकड्याने फांदीवर तीन टोले द्यायचे आणि कागदावर पडलेल्या सायला मोजायच्या. दहा झाडे अशी पाहायला अर्धा तास पुरतो.

कीड सापडली तर पहिली फवारणी शेंड्यावरचे कोंब मुगाच्या दाण्याएवढे असताना आणि दुसरी १० ते १५ दिवसांनी. पाने उलगडून पक्की झाल्यावर केलेली फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. प्रादुर्भाव कमी असेल तर निंबोळी तेल लिटरला ५ मिलि, थोड्या साबणाच्या पाण्यात आधी नीट फेटून. तेल वर तरंगत राहिले तर पाने भाजतात आणि कीड तशीच राहते. प्रादुर्भाव जास्त असेल तर थायामेथोक्झाम २५ टक्के (पाण्यात मिसळणारे दाणेदार, डब्ल्यूजी) १० लिटर पाण्यात १ ग्रॅम, पालवीच्या एका बहरात एकदाच. पुढच्या वेळी वेगळ्या गटाचे औषध घ्यावे, नाहीतर कीड त्याला सरावते. डब्यावरचे लेबल वाचून फवारणी ते तोडणीमधले दिवस पाळावेत. झाडावर फूल असताना या औषधांना हात लावू नये, कुळागरातल्या मधमाश्या त्याने मरतात. आणि हे औषध बुंध्याशी ओतण्याचा सल्ला कोणी दिला तरी कुळागरात तो मानू नये. पाटाचे पाणी, झर आणि विहीर एकमेकांना जोडलेली असतात. जांभ्यातून औषध खाली झिरपायला वेळ लागत नाही.

दर आठवड्याला हटकून फवारणी करणाऱ्यांना एक विनंती. पानाला चिकटून मेलेली, फुगीर तपकिरी पिल्ले दिसली आणि त्यांच्या पाठीवर टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक असेल, तर ते टॅमॅरिक्सिया या इवल्या गांधीलमाशीचे काम आहे. ती मूळची आपल्याच उपखंडातली, आणि इथून परदेशी नेऊन बागांत सोडली गेली. लेडीबर्ड भुंगेरे आणि क्रायसोपा ही जाळीदार पंखांची मित्रकीडही सायलाची पिल्ले फस्त करतात. ही फौज बागेत असेल तर विषारी औषध टाळा, निंबोळीवर भागवा.

खैऱ्यासाठी मात्र आत्ताचा मुहूर्त चुकवू नका. रोगट फांद्या कोरड्या हवेतच छाटून जाळाव्यात, पावसात छाटणी केली तर आपणच रोग पसरवतो. मग पोफळींसाठी बोर्डो करताच आहात, त्यातले लिंबालाही द्या. १ टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपांत वेगवेगळी विरघळवून, तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतत लाकडी काठीने ढवळावी. लोखंडी कोयत्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला, नाहीतर कोवळी पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे आणि त्यात कीटकनाशक मिसळू नये. पुढे पावसाच्या उघडिपीत कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम. याहून अधिक तांबे मारू नये, आम्ल जमिनीत ते साठून मुळांना बाधते. आणि हे सगळे खैऱ्यासाठी. ग्रीनिंगवर बोर्डोचा काडीचा परिणाम होत नाही.

रोपांबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गोव्यात रोग शिरण्याची सर्वांत सोपी वाट तीच. मोसंबी-संत्र्याची कलमे बहुधा रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर (मुळांकडच्या रोपावर) डोळा भरून केलेली आणि बाहेरून आणलेली असतात. डोळा रोगट झाडाचा असेल तर कितीही तजेलदार दिसणारे कलम रोगच घेऊन येते. विकत घेताना दोन प्रश्न विचारा: मातृवृक्षाची (ज्यावरून डोळा घेतला त्या झाडाची) ग्रीनिंगसाठी पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी, तपासणी कधी झाली, आणि रोपे कीडरोधक जाळीघरात वाढवली का? उत्तर मिळत नसेल तर घेऊ नका. कागदी लिंबू बियांपासून होते आणि बियांतून हा रोग जात नाही. पण तेच रोप उघड्यावर, रोगट झाडाशेजारी वाढवले तर सायला त्याला गाठतेच. रस्त्याकडेच्या रोपवाटिकांत लिंबाच्या पिशव्या आणि मधुकामिनीच्या पिशव्या एकमेकींना खेटून ठेवलेल्या दिसतात. मधुकामिनी, म्हणजे कुंती, हे सायलाचे सर्वांत आवडते झाड. फ्लोरिडात ही कीड दूरवर पोचली ती दुकानांत विकायला ठेवलेल्या कामिनीच्या कुंड्यांतून.

गोव्यात कामिनीचे कुंपण बंगल्यांना, हॉटेलांना, नव्या वसाहतींना हौसेने लावतात. कुंपण सारखे कातरले की सारखी पालवी फुटते आणि सायलाला बारमाही पाळणाघर मिळते. जवळपास लिंबूवर्गीय झाडे असतील तर कामिनी लावू नये, असलेली काढून जास्वंद किंवा अबोली लावावी. कढीपत्त्यावरही सायला वाढते, तेव्हा परसातल्या त्या झाडाचे शेंडेही पाहणीत धरावेत.

चतुर्थीत गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणारे तोरंज आणि म्हाळुंग यांची जुनी झाडे कुळागरांत अजून उभी आहेत. त्यांची गुटी किंवा फाटा करून शेजाऱ्याला देण्याची आपली रीत चांगली आहे. पण त्या झाडाच्या पानांवर पेनचे गोल काढून पाहिल्याशिवाय ती गुटी बांधू नका. आजारी झाडाची गुटी आजारीच निघते, आणि एकदा ती दहा घरांत गेली की तो वाणच गावातून जाण्याची भीती असते.

संशय आलेल्या झाडाची तपासणी हवी असेल तर पिवळे धब्बे असलेल्या फांदीवरची १० ते १२ पक्की पाने देठासकट घ्यावीत. जिवाणू देठात आणि मधल्या शिरेतच जास्त असतो, त्यामुळे देठ खुडून पाठवलेला नमुना फुकट जातो. कोवळी पाने नकोत. पाने झटकून, त्यांवर कीड नाही ना ते पाहून, टिपकागदात गुंडाळून पिशवीत घालावीत, थंड जागी ठेवावीत, गोठवू नयेत, दोन दिवसांत पोचवावीत. रोग पक्का ठरला तर झाड ठेवू नये. नुसती पिवळी फांदी छाटून भागत नाही, कारण जिवाणू शेंड्यावर दिसण्याआधीच मुळांत उतरलेला असतो. तोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी सगळ्या झाडावर कीटकनाशक फवारावे. हे टाळले तर पहिला घाव बसताच सायला उडून शेजारच्या झाडांवर बसतात. बुंधा मुळांसकट खणून काढावा, राहिलेल्या खुंटाला धुमारे फुटतात आणि त्यांत रोग जिवंत राहतो. त्याच खड्ड्यात तपासलेले नवे रोप लावायला हरकत नाही.

हे सगळे एकट्याने करून भागत नाही. एका बागायतदाराने फवारले आणि शेजाऱ्याने नाही, तर आठवडाभरात कीड परत येते. म्हणून कृषी खात्याला आमची विनंती आहे की, सप्टेंबरच्या पालवीवर प्रत्येक तालुक्यात एकच फवारणी-आठवडा जाहीर करावा आणि पंचायतींमार्फत तो वाड्यावाड्यांत कळवावा. विभागीय कृषी कार्यालयांत संशयित पानांचे नमुने स्वीकारून ते नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे पाठवण्याची सोय व्हावी. सरकारी अनुदानावर वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक कलमाच्या पिशवीवर मातृवृक्षाच्या तपासणीची तारीख असावी. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांचा, ९ केंद्रांचा शुद्ध रोपे कार्यक्रम मंजूर केला आहे. तिथून निघणारी तपासलेली लिंबूवर्गीय कलमे गोव्याला मिळावीत यासाठी राज्याने आत्ताच मागणी नोंदवावी. आणि सरकारी वनमहोत्सवातून, रस्त्यांच्या दुभाजकांतून कामिनीची रोपे वगळावीत, निदान फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या बागायती तालुक्यांत तरी.

आपले विश्वासू,
लिंबूवर्गीय फळबागांत काम करणारे काही वाचक,
फोंडा व सत्तरी